कान गार आहेत का?

दिवाळीच्या पहिल्या दिवशी फराळाला बसल्यावर भाचीनं सांगून टाकलं, "मला व्हेटर्नरीला जायचंय." थोडा वेळ चकल्या मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तिची आजी म्हणाली, "म्हणजे ढोरांची डॉक्टर? माणसं संपली का गं?" दाजींचं सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान. तीन पिढ्यांत त्यांच्या दाराला जनावर बांधलेलं नाही. भाचीचा जनावरांशी संबंध म्हणजे गल्लीतली चार कुत्री आणि जिन्याखाली येऊन व्यालेली एक मांजर. दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही पेपरात लिहिता, ओळखीपाळखी असतील. जरा चौकशी करा आणि तिला समजावा." समजावा म्हणजे काय करा, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

भाचीनं मात्र शंभर पानी वही केली होती. पहिल्या पानावर प्रश्न: नीटला किती लागतात, कॉलेजं कुठं, किती वर्षं, नोकरी कुठं मिळते, मुलींना जमतं का. बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला एका दुपारी मिळाली, ती सांगून मोकळा होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. प्रवेश नीटच्या गुणांवर. १५ टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात, बाकीच्या राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. एमबीबीएसचा अर्ज भरला म्हणजे इकडचाही भरला, असं होत नाही. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. जुनी महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला. सोलापूरच्या पोरांना जवळ म्हणजे लातूरवरून उदगीर, नाहीतर पुण्याकडून शिरवळ. परळचं कॉलेज १८८६ सालचं, काँग्रेसच्या स्थापनेनंतर एका वर्षानं निघालेलं. दीडशे वर्षं होत आली तरी आपल्याकडं अजून "माणसं संपली का" हे विचारावंसं वाटतं, याचं मला जरा नवल वाटलं.

नवल वाटायचं खरं तर कारण नाही. बारावीच्या मुलांची रांग एकच आणि ती नीटची. पुढं उभे असतात ते एमबीबीएसला जातात, मग दात, मग आयुर्वेद, आणि या उतरंडीत कुठंतरी गुरंढोरं. त्यामुळं या कॉलेजांत नंबर लागलेल्या कितीतरी मुलांच्या घरी पेढे वाटताना आवाज थोडा खाली असतो. आपल्याला हवं ते मिळालं नाही म्हणून हे घेतलं, अशा मनानं साडेपाच वर्षं काढणं मुलालाही जड आणि पुढं ज्याच्या गोठ्यात तो जाणार त्या शेतकऱ्यालाही. भाची उलट्या बाजूनं येत होती. तिला हेच हवं होतं, पण हे म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक मलाही नव्हतं. म्हणून मोहोळ तालुक्यात खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांना गळ घातली. नाव छापायचं नाही, या अटीवर ते तयार झाले. "रात्री मुक्कामालाच या," म्हणाले. "आमचं काम दहा ते पाच बघून कळत नाही."

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. पलीकडचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"डॉक्टर, गाय उठंना."

"कधी व्याली?"

"काल सांजच्याला."

"कितवं वेत?"

"चौथं."

"कान गार आहेत का? हात लावून बघा."

जरा वेळ गेला. "गारच हायेत."

"मान पोटाकडं टाकलीय?"

"व्हय. तशीच पडलीया."

डॉक्टर पांघरूण बाजूला करून उठले. निदान अंथरुणातच झालं होतं. मोटरसायकलवर मागं बसताना मला त्यांनी सांगितलं, "मिल्क फिव्हर. मराठीत दुग्धज्वर. नावात ताप आहे, अंगात नसतो. उलट अंग गार पडतं."

गोठा म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन संकरित गाई, एक म्हैस. आडवी पडलेली गाय काळीपांढरी, होस्टन. मान वळवून स्वतःच्या कुशीवर टाकलेली, डोळे उघडे पण कुठं बघत नव्हते. नाकपुडीवरचा ओलावा गेलेला. बाजूला मालकीण वासराला धरून उभी. डॉक्टरांनी कानाला हात लावला, कास दाबून पाहिली, बाटली काढली. कॅल्शियमची बाटली, मानेच्या शिरेत सुई. मला वाटलं होतं, सुई लावली की काम झालं. डॉक्टर मात्र गुडघ्यावर बसले, एका हातानं बाटली धरली आणि दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप गाईच्या छातीशी लावला, तो बाटली संपेपर्यंत काढला नाही. कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. जाईल ते थेंबाथेंबानं, आणि ठोका चुकतोय असं वाटलं की हात थांबवायचा. मध्येच मालकानं, "डॉक्टर, जरा जोरात सोडा की," म्हटलं. डॉक्टर काही बोलले नाहीत.

पाऊण बाटली गेली असेल. गाईच्या मांडीचे स्नायू थरथरू लागले. मग तिनं एक ढेकर दिली, अगदी जेवून उठलेल्या माणसासारखी. नाकपुडीवर दव धरलं. शेण टाकलं. मालकीण म्हणाली, "आली गं बाई." आणखी वीसेक मिनिटांनी गाय मागचे पाय सावरत उठली, दोनदा डुगडुगली आणि गव्हाणीत तोंड घातलं. मी आयुष्यात बरेच दवाखाने पाहिलेत. मेल्यासारखा पडलेला पेशंट तासाभरात उठून जेवायला लागलेला पाहिला नव्हता.

यातलं शास्त्र साधं आहे. गाय व्याली की कासेत चीक आणि दूध उतरतं आणि त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियम एकदम बाहेर पडतं. हाडांत साठा असतो, पण तो इतक्या लवकर मोकळा होत नाही. जितकी दुधाळ गाय, जितकं वेत पुढचं, तितका धोका. रानात फिरणाऱ्या, दोन लिटर दुधाच्या खिलार गाईला हा आजार सहसा होत नाही. आपण गाईचं दूध वाढवलं, त्याच्याबरोबर हा आजार दाराशी आला. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ सुरू केलं आणि संकरित गाई गावोगाव गेल्या. त्या गाईंच्या दुधावर आज सोलापूर जिल्ह्यातली हजारो घरं चालतात. त्यांच्याच मागोमाग पशुवैद्यकाचं कामही वाढत गेलं.

गाय उठल्यावर डॉक्टर निघतील असं मला वाटलं, पण ते बाजेवर बसले. चहा आला. मग खरं काम सुरू झालं. आज सगळं दूध काढू नका, थोडं कासेत ठेवा. गाभण असताना काय घालत होता? वाढे. नुसते वाढे? हो, कारखाना सुरू झालाय, ट्रॉलीनं मिळतात. डॉक्टरांनी हात जोडले. उसाच्या वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हंगामात फुकटात किंवा स्वस्तात हाच चारा मिळतो. "चुन्याची निवळी शिंपडा वाढ्यांवर आणि बरोबर दुसरं काही द्या," हे ते किती गोठ्यांत सांगत असतील कोण जाणे. मालक म्हणाला, "दुसरं काय द्यायचं डॉक्टर, कडबा काय भावानं हाय बघा की." डॉक्टरांना भाव माहीत होता. त्या दोघांनी दहा मिनिटं हिशेब केला. फी आत्ता घेतली नाही. डेअरीचं दहा दिवसांचं बिल निघालं की द्यायची.

वहीत "मला प्राणी आवडतात" असं भाचीनं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. परतताना मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आवडावेतच. पण ऐंशी हजारांची गाय, तिच्यावर पोरीची फी, सोसायटीचं कर्ज, हे सगळं पेशंट म्हणून समोर पडलेलं असतं. तिला माणसं आवडतात का ते विचारा." पशुवैद्याचा अर्धा दिवस माणसांशी बोलण्यात जातो आणि त्यातला अर्धा पैशांबद्दल. माणसांचा डॉक्टर, वाचवायचंच असं धरून चालतो. इथं मालक शांतपणे विचारतो, औषधाला जेवढं जाईल तेवढ्याची ही गाय राहील का? हा प्रश्न निर्दयी नसतो, पण उत्तर देणाऱ्याच्या अंगावर येतो.

रविवारी सांगोल्याच्या बाजाराला गेलो. खिलारांसाठी हा बाजार दूरवर नावाजलेला. पांढरीशुभ्र, तलवारीसारखी मागं गेलेली शिंगं, शेपटीचा गोंडा धुतलेला. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली घातलेली बंदी डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात सशर्त उठली, २०२३मध्ये घटनापीठानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून खोंडांचे भाव वेगळ्याच भाषेत बोलले जातात. आदत, दुसा, चौसा. म्हणजे दुधाचे दात असलेला, दोन दाती, चार दाती. वय ठरवायला कागद लागत नाही. व्यापारी खोंडाचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढतो, क्षणभर बघतो आणि सोडतो. भाव मात्र उपरण्याखाली, बोटांनी. बाजूनं चाललेल्या माणसाला दोन हात आणि एक कापड तेवढं दिसतं.

तिथं एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं मला पंढरपुरी म्हैस दाखवली. खांद्यापलीकडं गेलेली लांब शिंगं, अंग फार मोठं नाही. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात, ते याच जातीच्या जिवावर. ही म्हैस कुठंही उभी राहून पान्हा सोडते. म्हाताऱ्यानं तिच्या पायांमागं हात फिरवला, चालवून पाहिली आणि म्हणाला, "मागल्या डाव्या सडात दगडी येऊन गेलीया." दगडी म्हणजे स्तनदाह. माझ्याबरोबर आलेल्या डॉक्टरांनी सड पिळून पाहिला आणि मान हलवली. बरोबर होतं. अशा माणसांसमोर नवा पदवीधर उभा राहतो. त्याला या म्हाताऱ्याला अडाणी समजून चालत नाही, आणि त्याचं सगळं ऐकूनही चालत नाही, कारण हाच म्हातारा पोटफुगीला गोडं तेल पाजताना नळकांडं चुकीच्या वाटेनं घालून तेल फुप्फुसात सोडू शकतो.

गावात "डॉक्टर" अशी हाक मारली की दोन प्रकारची माणसं वळून बघतात, हे भाचीच्या वहीत लिहायलाच हवं होतं. एक पदवीवाले, परिषदेकडं नोंदणी झालेले. दुसरे दहावीनंतर पदविका केलेले. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं स्वतंत्र व्यवसाय पहिल्यांनाच करता येतो. दुसऱ्यांनी नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. कागदावर रेघ स्वच्छ आहे. गावात मात्र रात्री दोन वाजता जो येतो तो डॉक्टर. पदविकाधारक गावातच राहतो, त्याची गाडी दारात असते, कृत्रिम रेतन त्याच्या हातचं बसतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, हा नियम त्यानं पाठ केलेला असतो, आणि दिवसाला दहा गाई भरून हात बसलेला असतो. दोन्ही बाजूंचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. मला विचाराल तर, देखरेख करायला पदवीवाला तालुक्यात हजरच नसेल तर देखरेख हा शब्द कागदावरच राहणार. नोकरीचा मोठा रस्ता म्हणजे राज्य लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी. त्याशिवाय दूध संघ, औषध कंपन्या, कोंबड्यांचे फार्म, विमा, लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, आणि शहरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने. सोलापुरातही असे दवाखाने वाढलेत. जुळे सोलापुरात एका संध्याकाळी मी एका लॅब्राडॉरला साखर कमी करण्याचा सल्ला मिळताना पाहिला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळं इथल्या मुलांना वन्यप्राण्यांचं डॉक्टर व्हावंसं वाटतं. वाटू द्यावं, पण त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मला या विषयात सगळ्यात गुंतवून ठेवलं ते साथींनी. लम्पी २०२२च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरली. देवीच्या कुळातला विषाणू, माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणारा. अंगभर गाठी, पायांना सूज, दूध गळालेलं. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची ठरली आणि राज्यभर दावणी पिंजून काढल्या गेल्या. जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद, वाहतूक बंद. जनावर दगावलं तर दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत सरकारनं जाहीर केली. त्यासाठी पंचनामा आणि पशुवैद्यकाची सही. दिवसा लस टोचायची, संध्याकाळी मेलेल्या जनावराशेजारी कागद भरायचा. मोहोळच्या डॉक्टरांनी त्या महिन्यांबद्दल फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "खांदा आखडला होता. अजून थंडीत दुखतो."

याच्या उलट एक गोष्ट आहे, ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. बुळकांडी. आजोबांच्या पिढीला या शब्दाचा धसका होता. एका गावात शिरली की दावणी रिकाम्या. या रोगाच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारनं नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला, आणि १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा उघडली. पुढं ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच झाली. २०११ साली जगातून बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग. ते काम गावोगाव बर्फाच्या पेटीतून लस नेणाऱ्या पशुवैद्यकांनी केलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

चिठ्ठीवर लिहिलेलं औषध गोठ्यापाशी थांबत नाही, हेही याच व्यवसायात कळतं. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं साधं इंजेक्शन. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे उघडकीला यायला २००४ उजाडलं. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

एक गोष्ट मात्र लिहिताना हात अडखळतो. होस्टन गाईला खोंड झालं तर मालकाचा चेहरा पडतो. ट्रॅक्टर आल्यावर औताला बैल लागत नाही, आणि संकरित खोंड उन्हात औत ओढायलाही तितकासा उपयोगी नाही. २०१५पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. कायदा बरा की वाईट यावर बोलणारे पुष्कळ आहेत. भाकड गाय आणि तीन आठवड्यांचं खोंड यांना चारा कुठून घालायचा हे पशुवैद्यालाच विचारतात, कारण तो त्या वेळी तिथं बाजेवर बसलेला असतो. लिंगवर्गीकृत रेतमात्रा हे त्यावरचं आजचं उत्तर. बहुतेक वेळा कालवडच होते, पण नळी महाग.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी होती. भाचीला घेऊन मी पुन्हा मोहोळला गेलो. दाजींना सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेतो असं सांगितलं होतं, आणि दर्शन घेतलंही होतं. संध्याकाळी फोन आला: गाय दुपारपासून कळा देतेय, एक पाय दिसतोय. डॉक्टर भाचीला म्हणाले, "चल. उलटी बिलटी आली तर गोठ्याबाहेर जाऊन कर."

वीज गेलेली होती. भाचीकडं बॅटरी दिली. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी लावलं आणि हात आत घातला. चेहरा गाईच्या मांडीला टेकलेला, डोळे मिटलेले. "दुसरा पाय गुडघ्यात मुडपलाय," म्हणाले. गाय कळ देई तेव्हा हात आवळून निघे, ते थांबून राहत. कळ ओसरली की वासरू आत ढकलत. बाहेर ओढायचं सोडून आत ढकलताहेत, हे भाचीला कळेना; जागा झाल्याशिवाय पाय सरळ होत नाही, असं त्यांनी दात आवळून सांगितलं. खूर मुठीत झाकून घेतला, नाहीतर गर्भाशय फाटतं. कितीतरी वेळानं दुसरा खूर बाहेर दिसला. दोन्ही पायांना दोर, आणि कळेबरोबर, कळेच्या आधी नाही, ओढायचं. भाचीनं बॅटरी कधी माझ्याकडं दिली आणि दोर कधी धरला हे मला समजलं नाही. मुलींना जमतं का, या वहीतल्या प्रश्नाबद्दल डॉक्टर नंतर हात धुताना म्हणाले, "लहान हात आत सोपा जातो. बाकीचं ताकदीचं काम दोर करतो."

वासराच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पालापाचोळ्यानं अंग चोळलं, नाळेला आयोडीन लावलं. गाय चाटायला लागली. भाचीनं शेपूट उचलून बघितलं आणि मालकाला काय झालं ते सांगितलं. तो पहिल्यांदा हसला.

रात्रीच्या एसटीनं सोलापूरला निघालो. भाचीची सलवार गुडघ्यापर्यंत माखलेली, ओढणीला चिकाचा वास. शेजारच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी वास घेतला, पोरीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. भाची अवघडून म्हणाली, "गाय व्याली, आजी."

"कालवड का खोंड?"

"कालवड."

"बरं झालं," म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन भाचीला बसायला जागा केली.